सासूबाईंच्या वेगाने २१ किलोमीटर?

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील गाळून : जळगावची एक ३२ वर्षांची वाचक. पतसंस्थेत नोकरी. घरात नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि ५६ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचं माहेर पारोळ्याकडचं. मेहरूण तलावावर पळणाऱ्या एका ग्रुपमध्ये जायचं तिने ठरवलं, तेव्हा नवऱ्याने अट घातली, 'पहाटे सव्वापाचला एकटी नको, आई सोबत येणार असेल तर जा.' सासूबाई आल्या. आधी साडीत नुसत्या चालायच्या, मग पंजाबी ड्रेस आला आणि हळूहळू पळणंही. आता त्या किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं घेतात. वाचकाने १० किलोमीटर ६२ मिनिटांत केलेत. डिसेंबरातल्या हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय आणि ती दोन तासांच्या आत संपवायची असं मनाशी ठरवलंय. पण आठवड्याच्या चारही सकाळी तिला सासूबाईंच्या बरोबरीने राहावं लागतं. एकदा ती पुढे निघून गेली, तर मागून आवाज आला, 'तू व्हय पुढे, मी येस मांगेथून' (तू हो पुढे, मी येते मागून). तो टोमणा तिला दिवसभर टोचत राहिला. तेव्हापासून 'पतसंस्थेत उशीर होतो' असं घरी सांगून ती आठवड्यातल्या तीन संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर जोरात पळते. गेले काही आठवडे उजवी नडगी दुखतेय. तिकडे सासूबाईंनी स्वतःच्या पैशांनी पळायचे बूट आणलेत, कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तलावाच्या फेऱ्या लिहून ठेवतात. त्यामुळे 'तुम्ही येऊ नका' म्हणणं जिवावर येतं. तिने स्वतः काही वाटाही सुचवल्यात : ग्रुप बदलायचा, नवऱ्याकडून निरोप द्यायचा किंवा हाफ सोडून त्यांच्याबरोबर १० किलोमीटर पळायचे. प्रश्न असा : त्यांचं मन न दुखवता त्यांना सोबत येण्यापासून कसं थांबवू? ता. क. त्यांची नोंदणी ५ किलोमीटरची करू की १० ची?

प्रिय मैत्रीण,

तुम्ही सासूबाईंबद्दल विचारलंय, पण मी नडगीपासून सुरुवात करते. सासूबाई आठवडाभर थांबतील, नडगी थांबणार नाही.

आज घरी निवांत बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने वरून खाली दाबत या. दुखणं चार बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल, पळायला लागल्यावर दुखत असेल आणि अंग गरम झालं की कमी होत असेल, तर हाडाच्या कडेवर ताण आलाय. पळणारे त्याला शिन स्प्लिंट म्हणतात. त्यासाठी दोन आठवडे जोरात पळणं पूर्ण बंद, बर्फ, आणि पोटरीचे व्यायाम. पण दुखणं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी असेल, तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी येत असेल, चालतानाही जाणवत असेल किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर पळणं आजपासून बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. तेव्हा 'एक्स-रे नॉर्मल आला' म्हणून निघून येऊ नका. दुखणं एकाच जागी आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि एमआरआय लागेल का ते विचारा. अशा चिरेवर पळत राहिलात तर डिसेंबर जाईलच, पुढचे दोन-तीन महिनेही जातील.

हे कशाने झालं ते तुमच्याच पत्रात आहे. चार सकाळी आणि तीन संध्याकाळी असं आठवड्यातून सात वेळा तुम्ही पळताय. हाडाला आणि स्नायूला सावरायला पुरेसा वेळ मिळत नाही. त्यात संध्याकाळचं मैदान. तिथे त्या वेळी कोण असतं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही : पोलिस भरतीची पोरं-पोरी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. काही मिनिटांत जीव तोडून संपवायची शर्यत आहे ती, आणि त्यांचा सगळा सराव त्याच हिशेबाचा. त्यांच्या नादाने तुम्ही २१ किलोमीटरची तयारी करताय. त्या वेगाने पळून आल्यावर मस्त वाटतं, शंकाच नाही. पण तुमच्या परीक्षेत तो पेपरच नाही.

आता तुमच्या पत्राचा जो पाया आहे, तिथे येऊ. तुम्ही धरून चाललात की सासूबाईंबरोबरच्या चार सकाळी वाया जातात, आणि म्हणून खरा सराव चोरून संध्याकाळी करावा लागतो. मला हे गणितच मान्य नाही.

तुमचे १० किलोमीटर ६२ मिनिटांत होतात, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १२ सेकंद. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. १० किलोमीटरच्या वेळेला साधारण २.२ ने गुणलं की तेवढ्याच तयारीत हाफला किती लागतील याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. तुमचा आकडा २ तास १६ मिनिटांच्या आसपास जातो. दोन तासांच्या आत यायचं तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत हवा, तोही २१ वेळा. म्हणजे आज १० किलोमीटर ज्या वेगाने जेमतेम होतात, त्याहून अर्धा मिनिट जास्त वेगाने दुप्पट अंतर. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी होईलही. या डिसेंबरात तो हट्ट धरलात तर तेराव्या-चौदाव्या किलोमीटरला पाय जड होतील आणि उरलेलं अंतर चालत जाल. पहिल्या हाफला सव्वादोन ते दोन-वीस हे चांगलं आणि प्रामाणिक उद्दिष्ट आहे. दोन तासांचा आकडा बहुधा ग्रुपवर रोज पडणाऱ्या स्ट्रावाच्या (पळण्याची नोंद ठेवणारं ॲप) फोटोंमधून आला असावा. तसं असेल तर डिसेंबरपर्यंत ते फोटो म्यूट करून टाका.

आता पुढचं. सव्वादोनच्या हिशेबाने पळणाऱ्या माणसाचं रोजचं सावकाश पळणं किलोमीटरला साडेसात ते आठ मिनिटं असायला हवं. खूण सोपी आहे : पळता पळता शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यायला हवं, धाप न लागता. अव्वल दर्जाचे धावपटूसुद्धा आठवड्यातले बहुतेक किलोमीटर असेच पळतात आणि जोराचं पळणं एक-दोन दिवसांपुरतं ठेवतात. सावकाश पळण्याने हृदयाची एका ठोक्याला रक्त ढकलण्याची क्षमता वाढते, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, चरबी जाळून ऊर्जा घ्यायची शरीराला सवय लागते, आणि हाडं-कंडरांना जमवून घ्यायला वेळ मिळतो. आपल्या भागात ठिबक कळतं म्हणून सांगते, पाणी थेंबाथेंबाने द्यायचं ते मुळाशी पोहोचावं म्हणून.

सासूबाईंचा वेग सव्वाआठ. तुमच्या सावकाश वेगात आणि त्यांच्या वेगात फरक किलोमीटरला पंधरा ते पंचेचाळीस सेकंदांचा. म्हणजे ज्या सकाळी तुम्ही वाया गेल्या समजताय, त्याच तुमच्या सरावातल्या सर्वांत योग्य वेगाच्या सकाळी आहेत, आणि नडगी दुखावली ती तुम्ही ज्याला खरा सराव म्हणता त्या संध्याकाळी. चारपैकी दोन सकाळी बिनधास्त त्यांच्याबरोबर पळा. सवलत म्हणून पळू नका, वेळापत्रकातच तसं लिहा.

बाकीच्या दोन मात्र तुमच्याच हव्यात. त्यावर माझं काही दुमत नाही. रविवारचं लांब पळणं आणि मधल्या वारी थोडं वेगाचं पळणं, या दोन्हींत कुणाच्याही वेगाशी जुळवून घेऊ नका. सासूबाईंच्या नाही, आणि पुढच्या बॅचमधल्या मैत्रिणींच्याही नाही.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्या दोन वेगवेगळ्या बायका होऊन येतात. एक पहारेकरी, जिला मुलाने तुमच्यावर लक्ष ठेवायला पाठवलंय. दुसरी, जी स्वतःच्या पैशांनी बूट आणते आणि कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, फेऱ्या मांडते. तुम्ही प्रश्न पहिलीबद्दल विचारताय. मला दुसरीच खरी वाटते. राखण करायला आलेली बाई तलावाच्या कट्ट्यावर बसून राहते. फेऱ्या मोजत नाही.

आणि तो टोमणा. 'तू व्हय पुढे, मी येस मांगेथून.' मी हे वाक्य बऱ्याचदा वाचलं. सूर मला ऐकू आलेला नाही, तुम्हाला आलाय, तेवढं तुमचं वजन जास्त. पण जे म्हटलं ते तसंच घ्यायचं ठरवलं तर काय होतं? एक बाई दुसरीला सांगतेय की तू हो पुढे, माझी काळजी करू नकोस, मी पोहोचते. तुम्हाला हवी असलेली परवानगी त्यांनी बहुधा तेव्हाच दिली होती. पण सून म्हणून तुमचे कान वेगळं ऐकायला तयार झालेले आहेत. खानदेशातल्या घरांत सासूच्या साध्या वाक्यातही खोच शोधायची रीत आहे, आणि निम्म्या वेळा ती सापडतेही. उरलेल्या निम्म्या वेळांचं काय?

कदाचित मी चूक असेन. कदाचित त्या खरंच दुखावल्या असतील. तेही समजण्यासारखं आहे. ५६ वर्षांच्या बाईने अंधारात, तरुण मुलामुलींच्या ग्रुपमध्ये, पहिल्यांदा पळायचं आणि सोबतीला आलेल्या एकुलत्या ओळखीच्या माणसाने मागे सोडून जायचं. त्यांना कदाचित तुमच्या वेगाशी घेणंदेणं नसेल, अनोळखी लोकांत एकटं पडायची धास्ती असेल. दोन्ही शक्यतांचा उलगडा एकाच गोष्टीने होतो. विचारायचं.

तुम्ही ज्या वाटा सुचवल्यात त्या बघू. ग्रुप बदलून दुसरीकडे जायचं : होईल, पण ज्या ग्रुपने तुम्हाला शून्यापासून १० किलोमीटरपर्यंत आणलं तो सोडायचं कारण काय सांगाल? आणि सासूबाई दुसऱ्याच दिवशी तिकडे बूट घालून उभ्या राहिल्या तर? नवऱ्याकडून निरोप द्यायचा : हे तर मुळीच करू नका. मुलाच्या तोंडून 'आई, तू जाऊ नकोस' ऐकलं की ते तुमचं बोलणं राहत नाही, घराचा निकाल होतो. त्यांच्यासाठी हाफ मॅरेथॉनच सोडून त्यांच्याबरोबर १० किलोमीटर पळायचे : मनापासून वाटत असेल तर सुंदर. पण तुमच्या पत्राचा सूर पाहता पाचव्या किलोमीटरपासून तुम्ही घड्याळाकडे आणि मग त्यांच्याकडे बघाल, आणि तो त्याग पुढची दहा वर्षं घरात फिरत राहील. आणि आत्ता चाललंय तेच चालू ठेवायचं, तर नडगीने त्यावर आधीच उत्तर दिलंय.

संध्याकाळचं लपवणं मात्र आधी संपवा. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवा, ते टिकणारच नाही. जळगाव काही मुंबई नाही. कॉलेजच्या मैदानावर तुम्हाला पाहणारं कुणीतरी भाजी बाजारात सासूबाईंना भेटणारच. आणि खरं सांगू का, त्यांना कळलेलं असण्याचीच शक्यता जास्त. घामाने भिजलेला ड्रेस आठवड्यातून तीनदा धुण्यात पडतो, तेव्हा घरातल्या बाईला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्या काही बोलल्या नसतील, तर त्याचाही विचार करा. 'सून मला चुकवून पळते' असं मनात ठेवूनसुद्धा त्या पहाटे पाचला तुमच्यासोबत निघत असतील.

बोलायचं ते तलावावर नको, तिथे दोघींनाही धाप लागलेली असते आणि दहा कान असतात. जेवणाच्या ताटावर नवऱ्यासमोरही नको. दुपारी मेथी निवडताना किंवा रात्री ओटा आवरताना, दोघीच असताना. लांबण लावू नका. मी असं बोलेन :

'आई, मी संध्याकाळी मैदानावर पळायला जात होते, तुम्हाला पतसंस्थेत उशीर होतो असं सांगून. ते चुकलं. आता बंद केलंय, पायही दुखावलाय. डिसेंबरात मला २१ पळायचंय. त्यासाठी रविवारी १५-१६ किलोमीटर माझ्या वेगाने पळावे लागतील, गुरुवारी थोडं जोरात. मंगळवारी आणि शुक्रवारी आपण दोघी बरोबरच. मला ते दोन दिवस हवेत, त्या वेगाने पळणं माझ्या पायाला लागतं. रविवारी तुम्हाला काय करायला आवडेल?'

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो विचारल्यावर गप्प बसा. तुम्ही पत्रभर सासूबाईंना काय वाटेल, काय बोचेल, काय झेपेल हे लिहिलंत. त्यांना काय हवंय हे त्यांना विचारल्याचं मात्र पत्रात कुठे दिसलं नाही. कदाचित त्या म्हणतील, 'मला रविवारी झोपू दे, बाई.' कदाचित म्हणतील की मलाही लांब पळायचंय. किंवा एवढंच सांगतील की नव्या बायकांत ओळख करून दे, मग तू जा.

म्हणून बोलण्याआधी ग्रुपच्या सरांना भेटा. वेगाप्रमाणे बॅच पाडणं हे ग्रुपचं काम आहे, सुनेचं नाही. बहुतेक ग्रुपमध्ये पुढच्या पाच-सहा जणांचा वेगच सगळ्यांचा वेग होऊन बसतो आणि मागचे आपोआप एकेकटे पडतात. आठ मिनिटांच्या पुढची एक बॅच, तिच्यासोबत रोज एक अनुभवी माणूस, आणि निघायची-परतायची वेळ पुढच्या बॅचसारखीच ठरलेली. एवढं केलं तर तुमच्या सासूबाईंचाच नाही, आणखी चार-पाच जणांचा प्रश्न सुटेल. मला येणाऱ्या पत्रांत मंदगती मित्रासाठी अडकलेले पुरुष आहेत, बायकोच्या मागे राहून चिडलेले नवरे आहेत. सगळ्यांना मी आधी हेच विचारते की तुमच्या ग्रुपमध्ये मागच्याची जबाबदारी कुणाकडे आहे? फक्त त्या बॅचला 'काकूंची बॅच' म्हणू नका, ही माझी विनंती. वेगाचंच नाव ठेवा.

आता आठवडा. नडगी शांत झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मगच. मंगळवार आणि शुक्रवार, ५ ते ७ किलोमीटर, सासूबाईंसोबत, गप्पा मारत. गुरुवारी २ किलोमीटर सावकाश, मग ३ ते ४ किलोमीटर थोडं वेगाने, म्हणजे दोन-तीन शब्दच बोलता येतील इतपत, आणि मग पुन्हा सावकाश. रविवारी लांब. बाकी तीन दिवस पळणं नाही. त्यातल्या दोन दिवशी घरच्या पायरीवर टाचा हवेत ठेवून चवड्यावर वर-खाली, १५-१५ च्या दोन-तीन फेऱ्या, सोबत उठाबशा आणि कमरेचा व्यायाम. नडगीच्या दुखण्यावर याच्याइतका स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही.

रविवारचं अंतर १० पासून सुरू करा, दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी १७-१८ पर्यंत पोहोचा. आधी पूर्ण २१ पळून बघायची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा. त्या दिवसांत अंग शिवशिवतं, आणखी पळावंसं वाटतं. पळू नका.

नवरात्र यात मध्येच येणार आहे. नऊ दिवसांचा कडक उपवास आणि १४ किलोमीटर हे एकत्र जमत नाही. उपवास धरायचा असेल तर तो आठवडा कमी अंतराचा ठेवा, फक्त सावकाश पळा आणि राजगिरा, रताळं, केळी, ताक पोटात जाऊ द्या. साबुदाण्यावर पळता येतं, नुसत्या चहावर नाही. दिवाळीत एक आठवडा पळणं विस्कळीत झालं तर होऊ द्या, पुढच्या आठवड्यात त्याची भरपाई मात्र करू नका.

ऑक्टोबरात आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन चावायला लागतं. लांब पळण्याच्या दिवशी पाच-सव्वापाचला निघून पावणेआठच्या आत परत या. तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर पाण्यात ओआरएस असू द्या आणि तहान लागेल तसे घोट घ्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पिणं हेही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. सव्वा-दीड तासाच्या पुढे पोटात काहीतरी जायला हवं. त्यासाठी महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटांपेक्षा आपलं केळं बरं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, अर्धं अर्धं करून खा. ज्या जिल्ह्यातून केळ्यांचे ट्रक भरून देशभर जातात तिथे पळणारे जेलसाठी ऑनलाइन ऑर्डर टाकतात, याची मला गंमत वाटते.

आणि भरीत. थंडी पडली की शनिवारी रात्री कुणा ना कुणाच्या शेतात पार्टी असते : बामणोदची वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी, वरून कच्चं तेल. रविवारी सकाळी सहाव्या किलोमीटरला तो ठेचा स्वतःची आठवण करून देतो, आणि शिरसोली रस्त्यावर त्या वेळी सोय काहीच नसते. पार्टी रविवार दुपारवर ढकला, पळून आल्यावर. शेवभाजीलाही तोच नियम. शनिवारी रात्री वरण-भात, खिचडी, साधं काहीतरी.

डिसेंबरात साडेसहापर्यंत चांगलाच अंधार असतो. रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूने, पांढऱ्या किंवा चमकत्या पट्टीच्या कपड्यांत, आणि किमान तिघी-चौघींनी. लांब अंतर एकटीने नाही, हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटतं. ज्या पद्धतीने त्याने ते मांडलं, ते पटत नाही.

त्याबद्दल दोन शब्द. काळजी त्याला वाटली, पण पहाटे पाचला उठायचं काम त्याने आईला दिलं. या सगळ्या गुंत्यात सर्वांत शांत झोप कुणाची होतेय ते पाहा. तुम्ही आणि सासूबाई एकमेकींकडे संशयाने बघताय आणि ज्याच्या अटीमुळे हे सुरू झालं तो चित्रात कुठेच नाही. रविवारी तुम्ही निघून, पळून, पाय मोकळे करून घरी यायला अडीच-तीन तास जातील. तेवढा वेळ मुलाचं दूध, नाश्ता, अंघोळ हे त्याचं. हे त्याच्याशी आत्ताच, आकड्यांत बोलून घ्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी बोलाल तर त्याला लग्नाला जायचं असेल.

सासूबाईंच्या तब्येतीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पंचावन्नच्या पुढे अंतर वाढवण्याआधी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एकदा होऊ द्या. हिमोग्लोबिन तुमचंही बघा, आपल्याकडच्या बायकांना धाप लागण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. पाळी गेल्यावर हाडांची घनता उतरते, आणि पायावर भार येणारा असा व्यायाम ती धरून ठेवायला मदत करतो. राहता राहिले गुडघे. पळण्याने ते झिजतात ही भीती नातेवाइकांकडून फार ऐकाल. हौशी पळणाऱ्यांमध्ये बसून राहणाऱ्यांपेक्षा गुडघ्याचं दुखणं जास्त असतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, झालं तर उलटच दिसतं. मात्र आधीपासून सूज किंवा दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून. बारामतीच्या लता करे यांची गोष्टही कुणीतरी पाठवेलच, साठीनंतर नऊवारीत अनवाणी पळून जिंकल्या त्यांची. त्या नवऱ्याच्या औषधपाण्याच्या पैशांसाठी पळाल्या होत्या. सासूबाईंना जोर यावा म्हणून ती सांगू नका. त्यांना तशी गरज नाही, आणि बूटही आहेत.

आता ता. क. चं उत्तर. ५ की १०, हे तुम्ही ठरवू नका. मोबाइल त्यांच्या हातात द्या आणि फॉर्म त्यांना भरू द्या. सव्वाआठच्या वेगाने १० किलोमीटर दीड तासाच्या आत होतात, मध्ये दर दोन-तीन मिनिटांनी एक मिनिट चालूनसुद्धा वेळेत होतात. त्यासाठी त्यांनी शुक्रवारचं अंतर महिन्याभरात ७ पर्यंत न्यावं आणि रविवारी त्यांच्या बॅचसोबत ८-९ पर्यंत जावं. पाच म्हणाल्या तर पाच. आणि त्यांनी २१ च्या चौकोनावर बोट ठेवलं तर घाबरू नका, या वर्षी नको एवढंच सांगा. बहुतेक हाफ मॅरेथॉनना तीन ते साडेतीन तासांची मुदत असते, पुढच्या डिसेंबरपर्यंत ती त्यांच्या आवाक्यात येईल.

फॉर्ममध्ये टी-शर्टचं माप विचारतील. ड्रेसवरूनच घालणार असतील तर एक नंबर मोठं मागवा, नंतर बदलून मिळत नाही.